मखाण्याचा डबा आणि दीड ग्रॅम

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार, वेळ नसेल तर पुढं जावा.

दुपारी धाकट्याचा डबा परत आला. डबा रोजच परत येतो म्हणा, पण आज भरलेला आला. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि गुळाचा खडा दिला होता, एक दाणा हललेला नाही. वर डायरीत लाल पेनानं, 'प्लीज सेंड हेल्दी स्नॅक्स'. पोरगं म्हणतं, टीचरनी सांगितलं हे नको खाऊ, हे बाजारातलं. बाजारातलं! शेंगदाणे मी भाजले, सालं मी पाखडली, आणि हे बाजारातलं. संध्याकाळी ग्रुपवर मेसेज, येत्या बुधवारी सगळ्या मुलांनी डब्यात मखाणा आणायचा, 'हाय प्रोटीन सुपरफूड फॉर किड्स', पुढं हिरवी पानं आणि दंडाची बेडकुळी. खाली आयांचे अंगठेच अंगठे. मी पण टाकला अंगठा, खोटं कशाला बोलू, ग्रुपवर कोण भांडत बसणार. म्हणून इथं भांडतेय.

बेळगावात राहून शेंगा आणि फुटाणे हेल्दी नाहीत हे ऐकायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं बघा. इथं भाकरीबरोबर शेंगाची चटणी नसली तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल हिला मखाण्याचंच वावडं. तसं काही नाही. वर्षभर आमच्या घरात मखाणा येतोय, तुपावर परतायचा, हळद-मीठ आणि किंचित मिरपूड, थोरली टीव्हीसमोर वाटी संपवते. सासूबाई मात्र पहिल्या दिवसापासून, "कसल्या गे ह्या लाह्या, कापूस खाल्ल्यासारखं वाटतंय." त्यांना मी तेव्हा ऐकवलं होतं की आई, ह्यात प्रोटीन असतंय. मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. पाकिटावर लिहिलं होतं ना.

माझा तोरा उतरवला आमच्या फरशीच्या मिस्त्रीनं.

गेल्या महिन्यात बाथरूमची फरशी उखडून नवीन बसवली, मिस्त्री बिहारमधल्या दरभंग्याचा. चार वर्षं झाली बेळगावात, अनगोळला चौघं मिळून खोली घेतलीय. मितभाषी माणूस, मोबाईलवर गाणी नाहीत, थुंकणं नाही, आपलं काम आणि आपण. एक दिवस चहाबरोबर बिस्किटं संपली होती म्हणून मी वाटीत मखाणे दिले. त्यानं एक उचलला, अंगठा आणि पहिल्या बोटात धरून दाबला, कानाजवळ नेला आणि म्हणाला, "भाभी, ये तो सील गया है." सादळलेत म्हणे. सादळलेच होते, आमच्याकडच्या पावसात काय सादळत नाही, मीठसुद्धा पाणी होतंय. पण पुढं त्यानं काय केलं, तर वाटी पेपरवर ओतली आणि बोटानं तीन ढीग केले. हे मोठे, एक नंबर. हे मधले. आणि हे बारके, अर्धवट फुटलेले, टोकाला काळं साल चिकटलेले, हे आमच्या गावात पाहुण्याला देत नाहीत. मग विचारलं, कितीला घेतलं? मी म्हटलं १०० ग्रॅमचं पाकीट, १६० रुपये. तो काही बोलला नाही. चहा पिला, कप स्वतः विसळून ठेवला आणि परत करणी हातात घेतली.

ते गप्प बसणं काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मीच विषय काढला, तेव्हा कुठं बोलला.

त्याचे वडील तळ्यात उतरायचे. मल्लाह लोक ते, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम. पान म्हणे आपल्या परातीएवढं, पाण्यावर पसरलेलं आणि सगळीकडं काटे, फळालासुद्धा काटे. फळ फुटलं की बिया दोन दिवस वर तरंगतात आणि मग तळाला चिखलात जाऊन बसतात. त्या वेचायला श्वास धरून खाली जायचं, बांबूच्या चाळणीत चिखलासकट ओढायच्या, वर यायचं, श्वास घ्यायचा, परत खाली. दिवसभर. कान दुखतात, अंगाला खाज सुटते. आता बरेच लोक शेतातच फूट-दीड फूट पाणी धरून लावतात, बुडी मारावी लागत नाही, त्याचा भाऊ तसंच करतो.

पण खरं काम म्हणे त्यानंतर. काळी बी, गोटीसारखी टणक, गुर्री म्हणतात तिला. वाळवायची, चाळण्यांनी बारीक-मोठी वेगळी करायची, भाजायची, दोन-तीन दिवस ठेवायची, मग परत कडक भाजायची. कढईतून निघाली की चटके सोसत चार-पाच दाणे हातानं लाकडाच्या फळीवर घ्यायचे आणि थापीनं हाणायचं, तेव्हा आतली पांढरी लाही उडते. जरा गार झाली की फुटत नाही, गेली वाया. अडीच-तीन किलो बी फोडावी तेव्हा किलोभर मखाणा. हे सांगताना त्यानं उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट दाखवलं, कातडी चामड्यासारखी, चकाकणारी. मला वाटायचं सिमेंटनं झालीय. म्हणाला, सतराव्या वर्षापर्यंत आगीपुढं बसलो, मग म्हटलं फरशी बरी, गार असते.

तर आज ग्रुपवर तो बेडकुळीवाला इमोजी बघितला आणि मला तो अंगठा आठवला.

मग मी वजनकाटा काढला. केक करायला घेतलेला, दोन केक झाले आणि कपाटात गेला होता. धाकट्याचा डबा मखाण्यानं गच्च भरला, झाकण दाबून लावावं लागलं. वजन भरलं १६ ग्रॅम. सोळा! आणि मखाण्यात प्रोटीन किती, तर १०० ग्रॅममागं नऊ-दहा ग्रॅम. म्हणजे गच्च भरलेल्या डब्यात दीड ग्रॅम. बाकी सगळा पिष्ट, लाहीच शेवटी. सासूबाई पहिल्याच दिवशी बरोबर बोलल्या होत्या, पण हे त्यांना सांगणार नाही.

मग त्याच डब्यात सकाळचेच शेंगदाणे-फुटाणे परत घातले, माझी दीड मूठ, तळ कसाबसा झाकला. ५० ग्रॅम. शेंगदाण्यात शंभराला पंचवीसच्या आसपास प्रोटीन, फुटाण्यात वीसच्या आसपास, म्हणजे झाले अकरा ग्रॅम. तिसरीतल्या पोराला दिवसाला २३ ग्रॅमच्या आसपास लागतं असं हैदराबादची पोषण संस्था सांगते. निम्मी सोय त्या दीड मुठीत होती की ओ! आणि तो डबा परत पाठवला. 'सेंड हेल्दी.'

पैशाचं बोलायचं तर १६० रुपयांत रविवार पेठेत किलोभर शेंगदाणे येतात, सौंदत्ती-बैलहोंगलकडचे, टपोरे. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावं, मी पण घेतेच. पण वर्गात सगळ्यांनाच परवडतं असं धरून चालायचं? वर्गात एक पोरगं आहे, वडील खडेबाजारात हातगाडी लावतात, फी भरताना त्यांची काय ओढाताण होते ते मी काउंटरवर बघितलंय. त्याची आई बुधवारसाठी पाकीट आणणार. मुकाट आणणार, कारण पोराच्या डब्यात चुरमुरे दिसले तर पोर हिरमुसून घरी येणार.

आणि एक सांगते, हे ऐकून तरी हसा. आमच्या शाळेत डब्यात अंडं चालत नाही. वास येतो, इतर पालकांना चालत नाही, वगैरे. असू दे, शाळेचा नियम. पण आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या मावशींची नात सरकारी मराठी शाळेत आहे, तिला आठवड्याचे सहा दिवस उकडलेलं अंडं मिळतं, जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. आधी दोनच दिवस होतं, २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशातून उरलेले चार दिवसही सुरू झालं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन. वर सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध. म्हणजे मावशींची नात फुकट सहा ग्रॅम खाते आणि मी वर्षाची एवढी फी भरून पोराला दीड ग्रॅम खाऊ घालू, ते पण इंग्रजीत नाव असलेलं. मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग घाला की बाई आमच्या शाळेत." उत्तर काय देणार.

बरं, मखाण्याच्या बाजूनं पण बोलते, नाहीतर म्हणाल एकतर्फी. तेल-तूप नाही घातलं तर त्यात चरबी जवळजवळ नाहीच, पोटाला हलका, उपासाला चालतो. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेली मुलं असतात आणि ती चेष्टा करायची गोष्ट नाही, शाळा तेवढ्यासाठी शेंगा नको म्हणाली असती तर मी एक शब्द काढला नसता. तळलेल्या कुरकुऱ्यांपेक्षा मखाणा शंभर पटीनं बरा, हे पण मान्य. झालं?

पण मग तसं म्हणा की. हलका खाऊ म्हणा, चांगला टाइमपास म्हणा. प्रोटीन कशाला म्हणता? प्रोटीन म्हटलं की आई घाबरते हो. आपलं पोर बारीक, शेजारचं उंच, आपणच कुठंतरी कमी पडलो, हा विचार प्रत्येक आईच्या डोक्यात असतोच आणि त्याच्यावर ही पाकिटं विकली जातात. पेरी पेरी, चीज, पुदिना. मागची बारीक अक्षरं वाचा एकदा, तेल आणि मीठ किती आहे ते. मी आज पहिल्यांदा चष्मा लावून वाचली.

आणि मेसेजमध्ये 'कमळाच्या बिया' लिहिलं होतं, ते पण चूक. कमळाची बी वेगळी, ती कमळगट्टा, पूजेत माळ असते बघा तिची. मखाण्याचं रोप वेगळं, काटेरी. हे पण मला मिस्त्रीनंच सांगितलं, आणि जरा चिडूनच सांगितलं. आपल्या गावच्या मालाचं नाव कुणी चुकवलं की राग येणारच, बेळगावचा कुंदा कुणी धारवाडी पेढा म्हणून खाल्ला तर आपण ऐकून घेऊ का? त्यांच्या भागाला मिथिला म्हणतात, तिथल्या मिथिला मखाण्याला २०२२ मध्ये जीआय, म्हणजे हा माल ह्याच भागाचा असा सरकारी शिक्का, मिळालाय, दरभंग्यात मखाण्यावर संशोधन करणारं सरकारी केंद्र आहे, २०२५ च्या बजेटात मखाणा बोर्ड जाहीर झालं. मी विचारलं, बोर्डानं भावाचं काही भलं होईल का? म्हणाला, भाभी, व्यापारी आधी पोचतो, बोर्ड मागून येतं. आणि परत तोच अंगठा फरशीच्या कडेवरून फिरवत बसला, लेव्हल बघत.

इथपर्यंत लिहून अर्धा तास थांबले होते. थोरलीनं वाचलं आणि म्हणाली, मम्मी, टीचरवर जरा जास्तच झालं. असेल. ती पोरगी तेवीस-चोवीसची असेल, तिला वरून सांगितलं असेल, तिनं लिहिलं. पगार किती देतात ते मला माहीत आहे, तिच्या स्वतःच्या डब्यात काय असतं कोण जाणे, बहुतेक चित्रान्नच असणार. तिच्यावर राग नाही माझा. लाल पेनावर आहे.

माझं माहेर येळ्ळूरचं. भात निघालं की काळ्या रानात मसूर टाकायचे, अजून टाकतात. मसुरात शंभराला चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रोटीन, आणि आम्ही लहानपणी मसुराच्या आमटीला नाकं मुरडायचो. आई ताटात वाढून म्हणायची, खा, नाहीतर उद्या परत हीच. सुपरफूड वगैरे काही म्हणायची नाही. म्हणून खाल्ली नाही का काय कळत नाही.

असो. बुधवारी डब्यात मखाणा देणार आहे, पोराला वर्गात एकटं पाडायचं नाही मला. तुपावर परतून, कडक करून. आणि खाली बारक्या डबीत शेंगदाणे. लाल पेन आलं तर मी स्वतः जाऊन बोलणार, वजनकाटा घेऊन जाणार.

मिस्त्री उद्या येतोय, सांध्यात पांढरं सिमेंट भरायचं राहिलंय. परवाच्या गाडीनं गावाला चाललाय, दिवाळी आणि छठ करूनच परत. जाताना काय नेणार विचारलं तर मला वाटलं कुंदा म्हणेल. म्हणाला, भाभी, तुम्ही पहिल्या दिवशी भाकरीबरोबर जी शेंगाची चटणी दिली होती ती आईला दाखवायचीय. दोन दिवसांच्या प्रवासात टिकली पाहिजे, म्हणून लसूण जरा परतून घालते. किलोभर दाणे मंद गॅसवर आहेत, सासूबाई हलवतायत आणि मघापासून हाका मारतायत, करपले तर माझ्यावर यायचं. जाते.