'पोट भरलं की अर्थ सापडतो' म्हणणाऱ्या वाचकाला

'एक सातारकर' यांस,

नमस्कार. मार्केट यार्डातल्या माझ्या कामावर मी लिहिलेल्या लेखाखाली परवा रात्री तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सांगलीत तोलाईदार म्हणून 31 वर्षं हळदीची पोती तोलली आणि त्यातच मला जगण्याचा अर्थ मिळाला, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं वाक्य असं: "पोट भरलं की सगळ्यांनाच कामात अर्थ सापडतो, ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याला जाऊन विचारा." पुढे पेवांबद्दलची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांबद्दलची, एक चूक दाखवलीत आणि शेवटी माझ्या घरच्यांवरून दोन प्रश्न केलेत.

मतभेद असू द्या. पण बोलण्याची काही रीत असते की नाही? ओळख ना पाळख, आणि एकदम पोटावरच यायचं. आमच्याकडे परक्या माणसालाही आधी बसायला सांगतात, मग काय ते सुनावतात. साताऱ्यातही हेच चालतं. माझं आजोळ कोरेगावकडचं आहे, मला नका सांगू.

जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. सांगलीजवळच्या हरिपुरात 'आजही' पेवांत हळद साठवतात, असं मी लिहून गेलो. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली आणि त्यानंतर लोक गोदामांकडे वळले. 'आजही' हा शब्द काढून टाकतो. लहानपणी मी पेव उघडताना पाहिलंय. तोंडावरची माती काढून ते बराच वेळ तसंच उघडं ठेवायचे, मग दोरीला बांधून कंदील आत सोडायचे. कंदील विझला तर कोणी उतरायचं नाही. ते डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून लिहिताना काळाचं भान सुटलं.

आता त्या वाक्याकडे येतो. ते वाचून दोन रात्री मला नीट झोप लागलेली नाही.

ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याला विचारा म्हणता? अहो, माझे वडील याच यार्डात हमाल होते. 100 किलोचं पोतं मानेवर घ्यायचे. माथाडी कायदा 1969 ला झाला, पण त्याचं काही आमच्या घरापर्यंत यायला पुढे बरीच वर्षं गेली. त्यांच्या मानेवर लिंबाएवढी गाठ होती. आई उशीचा अभ्रा कितीही घासून धुवायची, तो पिवळाच राहायचा, कारण घामाबरोबर हळद अंगात मुरलेली. महिनाअखेरीला आमच्याकडे भाकरी आणि चटणी, एवढंच. आणि असा तो माणूस रात्री अंथरुणावर बसून सांगायचा, "आज थप्पी अशी लावलीय, ओळंबा धरून बघ." थप्पी कलली तर दुसऱ्या दिवशी तिच्या खाली कोणाचा तरी पोरगा उभा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांचं पोट भरलेलं होतं का? तुम्हीच सांगा.

पोतं उचलायचा त्यांचा हूक माझ्याकडे आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, आमच्या घरात छातीएवढं आलं. कागदपत्रांच्या पिशवीत तो हूक टाकून मी बाहेर पडलो होतो. ज्यांना अर्थ वगैरे भरल्या पोटाच्या गप्पा वाटतात, त्यांनी एकदा तो हातात धरून बघावा. मूठ घासून घासून गुळगुळीत झालीय.

माझंही ऐका. कडता म्हणजे काय, हे शेतकऱ्याला विचारलंत तर तो शिवी घालून सांगेल. ओल, माती, बारदान अशा नावाखाली पोत्यामागे जादा वजन कापायचं, ते कडता. हळद नऊ महिने रानात असते, मग ती शिजवा, वाळवा, पॉलिश करा, आणि इथे आणल्यावर काट्यावर कोणीतरी दोन किलो गिळणार. एका पेढीवर मला ते करायला सांगितलं. मी पट्टीवर काट्याला दिसतं तेच वजन लिहिलं. त्या पेढीनं आणि तिच्या ऐकण्यातल्या आणखी दोघांनी मला बोलावणं बंद केलं. तीन महिने हाताला काम नव्हतं. त्या दिवसांतही मी ताठ मानेनं यार्डातून फिरलो, आणि ते पोट भरलं होतं म्हणून नव्हे.

साताऱ्याचे आहात, कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव रोज कानावर पडत असेल. 'कमवा आणि शिका' काय भरल्या पोटांसाठी निघालं होतं? बोर्डिंगातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिलं, ते चैन म्हणून दिलं काय? स्वतःच्या गावचं तरी माहीत असावं माणसाला.

राहिले ते दोन प्रश्न. "तत्त्व तुमचं, पण किंमत कोणी मोजली?" आणि "लेखात पत्नी फक्त डबा देण्यापुरतीच का?" घरातला हिशेब मी चारचौघांत मांडत नाही. त्या तीन महिन्यांत हिनं रात्री जागून ब्लाउज शिवले आणि पोराची फी भरली, एवढं सांगतो. संसार दोघांचा असतो, कोणी किती दिलं ते काट्यावर लावायचं नसतं. याहून जास्त उत्तर द्यायला मी तुमचा बांधील नाही. लेख लांबला म्हणता, तर पुढचा वाचू नका.

प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे तिथेच.

हे सगळं लिहून झाल्यावर हिला वाचून दाखवलं. शिलाई मशीनवरचा हात न थांबवता तिनं ऐकलं, मग म्हणाली, "तीन नाही, पाच महिने. मृग लागल्यापासून दिवाळीपर्यंत." तिचं बरोबर आहे. फीच्या पावत्या तिच्याच ट्रंकेत आहेत, त्या काढून पाहिल्या. वर दोन ठिकाणी तीन महिने लिहिलंय, तिथे पाच वाचावं.