तिऱ्हाईत पाहिजे

कॅलिफोर्नियात बेकारी भत्ता नाकारला गेला, आधी न्यायाधीशाने आणि नंतर अपील मंडळानेही तोच निर्णय कायम ठेवला, तरी माणसाला सुपीरियर कोर्टात रिट अर्ज करता येतो आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. नोकरी शाबूत असलेल्या माझ्यासारख्याला हे ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. ते कारण आमच्या एका स्नेह्यांनी पुरवले.

कंपनीने त्यांना काढून टाकले होते आणि कारण दिले होते ‘गैरवर्तन’. गैरवर्तन ठरले की भत्ता जातो; मात्र नुसती अकार्यक्षमता किंवा सद्हेतूने झालेली चूक म्हणजे गैरवर्तन नव्हे, असे इथला कायदा मानतो. त्यामुळे स्नेह्यांना कोर्टापुढे मोठ्या हिरिरीने सिद्ध करायचे होते ते एवढेच, की आपण बेशिस्त नसून केवळ अकार्यक्षम आहोत. वहिनींनी अर्जाचा मसुदा वाचला आणि यातला एकही शब्द खोडण्यासारखा नाही, असा अभिप्राय दिला.

भत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर मिळतो आणि तो मागायला कोर्टात जायची फी बहुतेक काउंट्यांत ४३५ डॉलर आहे. ही फी माफ व्हावी म्हणून एफडब्ल्यू-००१ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात आपले उत्पन्न, खर्च आणि बँकेतली शिल्लक इतक्या तपशिलाने सांगावी लागते, की स्नेह्यांना आपण गरीब झालो आहोत हे त्या संध्याकाळी प्रथमच नीट कळले. खिडकीपलीकडच्या कारकून बाई अतिशय सौजन्याने वागल्या. काहीही विचारले, तरी “कायदेशीर सल्ला देण्याची मला परवानगी नाही,” हे वाक्य त्या प्रत्येक वेळी नव्या मायेने म्हणत होत्या. अखेर अर्जावर दाखल झाल्याचा शिक्का बसला, प्रती परत मिळाल्या आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

कारण कागद विरुद्ध पक्षाला बजावायचे असतात आणि ते अर्जदाराला स्वतः बजावता येत नाहीत. बजावणारा अठरा वर्षे पूर्ण झालेला आणि प्रकरणात पक्षकार नसलेला, म्हणजे तिऱ्हाईत असावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने अशी माणसे लाखो असतील. पण आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत या प्रकरणात मनाने पक्षकार झालेला नाही असा माणूस सापडेना. एकाने मसुद्यातले परिच्छेद बदलून दिले होते, दुसऱ्याने स्नेह्यांच्या साहेबाला समाजमाध्यमावर दोन शब्द सुनावून ठेवले होते आणि तिसऱ्यांचे ठाम मत होते की कंपनीचेच बरोबर आहे. मला मात्र कोणी मत विचारले नव्हते, आणि एवढ्याच पात्रतेवर माझी निवड झाली. अपील मंडळाची प्रत सॅक्रामेंटोच्या भाच्याकडे गेली. कंपनीची माझ्या वाट्याला आली.

माझ्या डोक्यातली बजावणी आपल्या गावाकडची होती. बेलिफ येतो, घरातला माणूस मागच्या दाराने जातो, उरलेले सगळे ‘साहेब परगावी गेलेत’ म्हणतात, आणि शेवटी समन्स दारावर डकवले जाते. मी त्या तयारीने निघालो. कंपन्यांना कोर्टाचे कागद स्वीकारण्यासाठी एक प्रतिनिधी नेमून राज्याच्या दप्तरी नोंदवावा लागतो, आणि पुष्कळदा तो प्रतिनिधी म्हणजे हाच धंदा करणारी दुसरी कंपनी असते, हे तोवर मला कोणी सांगितले नव्हते. तिथल्या तरुणाने माझ्या हातातला लिफाफा मुंजीतल्या आहेरासारखा हसतमुखाने घेतला, नोंद केली आणि माझा दिवस चांगला जावो अशी इच्छा व्यक्त केली. मी पाठ केलेली तीन निर्वाणीची वाक्ये तशीच घेऊन परत आलो.

उरले बजावणीचे प्रमाणपत्र. कागद कोणाला दिले, कुठे, कोणत्या तारखेला आणि किती वाजता, हे सारे, खोटे निघाल्यास शिक्षेला पात्र राहू असे मान्य करून लिहायचे आणि सही करायची. ती वेळ मी एवढ्या काटेकोरपणे लिहिली, की हिने ‘घरी येण्याची वेळ कधी अशी सांगितली नाही’ असे नोंदवले.

आता मंडळींत माझे नाव झाले असून, घरमालकाशी भांडण असलेल्या दोघांनी चौकशीही केली आहे. मोबदला घेऊन वर्षाला दहापेक्षा जास्त बजावण्या करणाऱ्याला काउंटीत रीतसर नोंदणी करावी लागते. वहिनींनी पाठवलेला श्रीखंडाचा डबा मोबदल्यात धरायचा की नाही, हे खिडकीवरच्या त्या बाईंना विचारून पाहिले. पण त्यांना सल्ला देण्याची परवानगी नाही.