कॅशबॅक गेला, सुतक पाळा

परवा सकाळी तुमच्याही मोबाईलवर बँकेचा मेल आला असेल: ‘आपला अनुभव अधिक चांगला व्हावा म्हणून क्रेडिट कार्डाच्या कॅशबॅकच्या रचनेत बदल.’ बदल म्हणजे खरेदीवर परत मिळणाऱ्या पाच टक्क्यांचा एक टक्का. अशा वेळी गप्प बसू नका. सोलापुरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलं, आपण बॅरल भरून ठेवले आणि बोललो नाही. पण चार टक्के म्हणजे काही चेष्टा नाही.

पहिलं म्हणजे पुरा हिशोब मांडू नका. महिन्याला वीस हजारांची ऑनलाईन खरेदी, त्यावर हजार मिळायचे, आता दोनशे. आठशेला बुडालो, एवढंच धरून बसा. ते हजार मिळावेत म्हणून वीस हजारांचं काय काय घरात आलं, हे माळ्यावर चढून बघायचं नाही. (आमच्याकडे दोन एअर फ्रायर आहेत. भजी अजून कढईतच होतात.) एकदा बिल भरायला उशीर झाला तेव्हा महिना पावणेचार टक्क्यांनी लागलेलं व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, हे तर तोंडातूनही काढू नका. घरातली माणसं ऐकत असतात.

मग चारचौघांत बँकेला नावं ठेवा. ‘विश्वासघात’ हा शब्द चांगला बसतो. फक्त घरभाड्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठा. जुळे सोलापुरात स्वतःच्याच घरात राहून आपण दरमहा मेव्हण्याला कार्डावरून भाडं देत होतो, तो दुसऱ्या दिवशी ते परत पाठवत होता आणि पॉइंट आपल्या खात्यात पडत होते. २०२२ पासून एकेका बँकेनं भाड्यावर शुल्क लावलं. मेव्हणा इतका हळहळला, जणू खरंच भाडेकरू सोडून गेला.

आता बुडालेले चार टक्के बाजारातून वसूल करायला निघा. चाटी गल्लीत आहेराच्या सहा चादरी निवडा, गाठोडं बांधून होऊ द्या आणि मग कार्ड काढा. दुकानदार म्हणेल, “कार्ड चालतंय की ओ, वर दोन टक्के पडतील.” तुम्ही आवाज चढवा. तो म्हणेल, “मग बँक माझ्याकडनं कापतेय ते कुणी सोसायचं, मालक?” हे ऐकू आलं नाही असं दाखवून चादरीचा काठ निरखत राहा. आपला कॅशबॅक बराचसा त्या कापलेल्या पैशातूनच येत होता, हे कळलं की मजा जाते.

शेवटचं अस्त्र म्हणजे कार्ड बंद करण्याची धमकी. रिझर्व्ह बँकेचा नियम पाठ करून ठेवा: कार्डावर काही देणं बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला. म्हणजे दोन दिवस उशीर झाला की जुना हजार हातात! फक्त बँकेनं वेळेत काम करू नये, एवढी प्रार्थना सिद्धेश्वराला करावी लागते.

मी फोन केला. नियम सांगितला, विश्वासघात म्हणालो. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, त्याऐवजी आमचं लाईफटाईम फ्री कार्ड देऊ का?”

मीही कडक आवाजात विचारलं, “त्यावर किती टक्के?”

मंगळवारी आलं. तिसरा एअर फ्रायर बघतोय.