नाल्यातल्या गुरुजींचा व्हिडिओ आणि आमचे बाबा

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर एकच व्हिडिओ फिरतोय. कुठलातरी नाला, छातीएवढं पाणी, गुरुजींच्या खांद्यावर एक पोट्टं, मागे दोन पोरी हात धरून, आणि वरून चिकटवलेलं देशभक्तीचं गाणं. खाली सतरा जणांचे जोडलेले हात. "अशा गुरुजींना सलाम." टाकणारा कोण, तर माझा चुलतभाऊ, ज्यानं मागच्या दिवाळीत आमच्याच घरी चकल्या खाता खाता बाबांच्या तोंडावर म्हटलं होतं की झेडपीच्या मास्तरांना फुकटचा पगार, आणि गडचिरोलीवाल्यांना तर वरून नक्षलभत्ता पण. बाबा नुसते हसले. मीही गप्प बसले, सणाचा दिवस म्हणून. आज नाही बसत.

भत्ता किती असतो माहितेय का दादा? मूळ पगाराच्या १५ टक्के, तोही जास्तीत जास्त १५०० रुपये, २००२ चा जीआर आहे, काढून वाच. एकस्तर, म्हणजे एक पायरी वरचा पगार, मिळतो, हो, तो मिळतो. मग घे ना तू पण तिकडे नोकरी, कोणी अडवलंय. बदल्यांमध्ये अवघड क्षेत्रात नाव येऊ नये म्हणून लोक कसे मेडिकल सर्टिफिकेटं जमवत फिरतात ते आम्ही जवळून पाहिलंय.

बाबा सात वर्षं गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात झेडपीचे मास्तर होते. गावाचं नाव लिहीत नाही, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी ते लिहू देत नाहीत, यावरूनच काय ते समजून घ्या. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच जगापासून तुटतं, तर त्याच्या पलीकडच्या गावांचं काय विचारता. आम्ही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वडस्याला. पावसाळाभर आमच्यासाठी बाबा म्हणजे महिन्याला एखादं पोस्टकार्ड, तेही भिजलेलं.

एका ऑगस्टात त्यांना मलेरिया झाला. शाळेत दुसरं कोणी नाही, रस्त्यापर्यंत १२ किलोमीटर पायी, मधे दोन नाले. तर चौथीतली दोन पोट्टी, एक मुलगा एक मुलगी, त्यांची पिशवी घेऊन सोबत निघाली. कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या वाटेत वाळूत बुटांचे ठसे दिसले. पोरानं वाकून पाहिलं, काही बोललं नाही, बाबांचा हात धरून आडवाटेला लागलं. ठसे पोलिसांचे की आतल्यांचे, म्हणजे नक्षल्यांचे, बाबांनी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. दहा वर्षांचं पोट्टं! घरी माडिया बोलणारं, पुस्तकातल्या मराठीत रोज अडखळणारं, त्याला आपण शाळेत "मागे" म्हणायचो.

पुढे डांबरी रस्त्यावर पोलिसांची गाडी थांबली, बसा म्हणाले गुरुजी, दवाखान्यात सोडतो. बाबा बसले नाहीत. अंगात फणफणता ताप, तरी नाही बसले. गाडीखाली सुरुंग फुटेल ही एक भीती, आणि त्यातून वाचलो तरी कोणीतरी पाहिलेलं असेल नि उद्या "खबऱ्या" ठरू ही दुसरी. रात्री बंदूकवाले शाळेच्या व्हरांड्यात येऊन भात मागणार, सकाळी दुसरे बंदूकवाले येऊन विचारणार की भात कोणाला घातला. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरात तर २००५ नंतर, सलवा जुडूम या नक्षलविरोधी मोहिमेच्या काळात, पोलिसांनी शाळांमध्ये कॅम्प टाकायचे आणि नक्षल्यांनी शाळाच उडवायच्या. शाळा रिकाम्या करा हे सांगायला २०११ मध्ये सुप्रीम कोर्ट लागलं. पोरं कुठे, तर रस्त्याकडेच्या पोटा केबिनमध्ये, म्हणजे तात्पुरत्या निवासी शाळांत, आईबापापासून लांब. कोणाकोणाला सलाम करू सांगा.

हो, तिकडचे सगळेच मास्तर काही देव नाहीत. आलापल्लीला खोली करून राहणारे, शाळा गावातल्या बारावी पास पोराच्या हवाली करून त्याला दोन-तीन हजार देणारे महाभाग होते, बाबांनाही माहीत होते. झालं? त्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही.

आणि बदललंय पण बरंच. १ जानेवारी २०२५ ला एटापल्लीकडच्या गर्देवाड्याच्या रस्त्यावर एसटी सुरू झाली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतः मुख्यमंत्री आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नक्षल्यांचा मोठा नेता भूपती, त्यानं ६० जणांना घेऊन शस्त्रं टाकली. बाबा टीव्हीसमोरून उठले नाहीत त्या दिवशी, जेवण गार झालं. चांगलंच आहे, मी कुठे नाही म्हणते. पण तो नाला अजून तिथंच आहे ना? आणि पट दहाच्या खाली गेला की शाळा बंद, असं म्हणत २०१७ मध्ये १३०० च्या आसपास शाळांची यादीच काढली होती, गोंडस नाव काय तर समायोजन. समायोजन म्हणजे सहा वर्षांच्या पोरीनं पुढच्या गावापर्यंत चालायचं.

पोरांना एकस्तर नाही, भत्ता नाही, रिटायरमेंट नाही. हे मला आज टाईप करतानाच सुचतंय. आमच्या घरी ही गोष्ट कायम बाबांच्या तापाची म्हणून सांगितली गेली. ती दोघं बाबांना सामानाच्या ट्रकमध्ये बसवून परत गेली, तेच १२ किलोमीटर, तेच दोन नाले, तीच आडवाट, आणि सोबत मोठं माणूस कोणी नाही. आई दरवेळी विचारायची, "अन् ती पोट्टी पोचली का हो?" बाबा म्हणायचे, पोचली. वीस दिवसांनी शाळेत गेलो तेव्हा दोघंही बसलेली होती. म्हणजे वीस दिवस बाबांनाही माहीत नव्हतं.

आता दुपारी व्हिडिओ दाखवला त्यांना. चष्मा लावून दोनदा पाहिला. गाणं बंद कर म्हणाले. मग म्हणाले, "पाणी गढूळ आहे, वरती पाऊस पडून राहिला असेल. अर्ध्या तासात वाढते हे. परत कधी गेले मग ते?"

मला काय माहीत, बाबा. व्हिडिओ तिथंच संपतो.