गव्हाच्या दाण्याएवढा चुना आणि सत्तर रोगांचा फॉरवर्ड

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. 'रोज गव्हाच्या दाण्याएवढा पानाचा चुना दह्यात, वरणात नाहीतर रसात कालवून घ्या, सत्तर रोग जातात, कॅल्शियमच्या केमिकलवाल्या गोळ्या फेकून द्या.' कित्येक वर्षं फिरतोय, मी बघून सोडून द्यायचे. पण आता माझ्या मावसबहिणीने सातव्या महिन्यात, सासूबाईंच्या सांगण्यावरून, दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्या बंद करून डाळिंबाच्या रसात चुना घ्यायला सुरुवात केलीये, आणि वर मलाच सांगते, 'अगं, नॅचरल असतं ते.' मी मेडिकलच्या काउंटरवर बसते, दिवसभर ह्याच गोळ्या विकते, त्यामुळे 'तुझा धंदा बुडेल म्हणून बोलतेस' हेही ऐकून झालंय. असू दे. एकदाच लिहून टाकते.

'गोळी केमिकल, चुना नैसर्गिक'

हे वाचून तर डोक्याला हातच लावला. चुना झाडाला लागतो का? चुनखडीचा दगड नाहीतर शिंपले भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजले की कळीचा चुना होतो, त्यावर पाणी ओतलं की तो फसफसून उकळतो, वाफा सोडतो, आणि विरल्यावर जे पांढरं लोणी राहतं ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आणि गोळीत काय असतं? बहुतेक स्वस्त गोळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे पदार्थ चुनखडीचाच. काहींच्या पाकिटावर तर शिंपल्यांपासून बनवल्याचं छापलेलंही असतं, वाचा कधीतरी. दोन्हीत कॅल्शियम तेच, फक्त चुन्याबरोबर जळजळीत अल्कली फुकट मिळते. चुन्याच्या निवळीचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, साडेबाराच्या आसपास जातो; साध्या पाण्याचा सात असतो. कार्बोनेटची पावडर बोटावर घेऊन चोळली तर काही होत नाही, चुना चोळत बसा आणि मग सांगा. पान खाणाऱ्याची जीभ जास्त चुन्याने फाटते ती काय उगीच?

गंमत म्हणजे चुन्याची डबी उघडी राहिली की वर जी कडक साय धरते ती हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून झालेलं कॅल्शियम कार्बोनेटच. म्हणजे गोळीतलं 'केमिकल' घरच्या डबीत आपोआप तयार होतंय!

'दाण्याएवढ्या चुन्यात दिवसभराचं कॅल्शियम मिळतं'

आता जरा हिशोब करू. गव्हाचा एक दाणा साधारण 40-50 मिलिग्रॅमचा. पानाच्या चुन्यात पाणी भरपूर असतं, पण जाऊ दे, 50 मिलिग्रॅम कोरडा चुना धरू. त्यात कॅल्शियम 54 टक्के, म्हणजे 27 मिलिग्रॅम. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये जे आकडे दिलेत त्यात मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं, गरोदर बाईलाही तेवढंच, अंगावर पाजणारीला 1200. सत्तावीस आणि हजार, तीन टक्केसुद्धा नाही! एक कप दुधात दोनशेच्या वर असतं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे पातळ भाकरीचा चतकोर तुकडासुद्धा ह्या दाण्याला भारी पडेल. तिळाबद्दल तर बोलायलाच नको.

आणि गोम इथेच आहे. चुना जेवढ्या मात्रेत फारसं नुकसान करत नाही तेवढ्या मात्रेत तो कॅल्शियम म्हणून काही कामाचा नाही, आणि कामाचा व्हावा एवढा घ्यायचा तर रोज पस्तीस-चाळीस दाणे गिळावे लागतील, त्यात घसा आणि अन्ननलिका भाजेल. दाण्याचं माप लोक पाळतात थोडंच, चार दिवसांत फरक दिसला नाही की चमच्याचं टोक भरून घेतात. ऑनलाइन आता 'खाण्याचा चुना' पावडरच्या डब्या मिळतात, त्यात चमचाही दिलेला असतो म्हणे. चुनावाल्याच्या डबीत शिसं किती, माती किती, हे तर विचारूच नका.

'गरोदर बाईने रोज घ्यावा, नॉर्मल डिलिव्हरी होते, बाळ हुशार होतं'

बाळ हुशार होण्याबद्दल माझ्याकडे शब्द नाहीत. पण गोळ्या बंद करणं हा मुद्दा गंभीर आहे. ज्या बायकांच्या आहारात कॅल्शियम कमी असतं त्यांना गरोदरपणात ते पुरेसं मिळालं तर बीपी वाढून होणारा प्रीएक्लॅम्प्सिया कमी होतो, म्हणून डब्ल्यूएचओ ते द्यायला सांगतं, म्हणूनच आपल्याकडे चौथ्या महिन्यापासून 500-500 च्या दोन गोळ्या देतात आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवतात. त्या हजाराच्या जागी सत्तावीस!

हां, गोळ्यांनी पोट धरतं, म्हणजे बद्धकोष्ठ होतं, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. काहींना गॅसही होतो. त्याला उपाय आहेत: कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, दोन्ही एकदम नाही घ्यायच्या, आणि लोहाच्या गोळीबरोबर तर अजिबात नाही, मध्ये दोन तास तरी जाऊ द्यायचे. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून कॅल्शियम सायट्रेटची गोळी मागा. आणि पाकिटावरचा आकडा नीट बघा, 1250 मिलिग्रॅम कार्बोनेट म्हणजे 500 मिलिग्रॅम कॅल्शियम, लोक इथेच फसतात.

'लहान मुलांना पण द्या, उंची वाढते, साइड इफेक्ट शून्य'

ह्या ओळीसाठी खरंतर कुणालातरी उन्हात उभं करायला पाहिजे. उंचीचं सोडा. चुना घरात मुलांच्या हाताशी आला की काय होतं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. ती तंबाखूवाल्यांची चुन्याची पुडी नाहीतर छोटी ट्यूब असते ना, मूल ती खेळायला घेतं, दाबतं, ती फुटते आणि सगळा चुना सरळ डोळ्यात. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अशा केसेस पुन्हापुन्हा लिहून ठेवल्यात. ॲसिडने भाजलं तर वरचा थर गोठून पुढचं थोडंफार वाचतं, अल्कली मात्र आत विरघळवत जाते, आणि चुन्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून राहिले तर भाजणं चालूच राहतं. बुबुळ पांढरं पडतं, नजर कायमची जाऊ शकते.

असं झालंच तर लिंबू नाही, तूप नाही, दूध नाही. नळाच्या साध्या पाण्याखाली डोळा उघडा धरून निदान अर्धा तास धुवायचं, पापणीखालचे कण निघतील असं, आणि मग थेट डोळ्यांच्या दवाखान्यात. आधी धुवायचं, रिक्षा नंतर शोधायची. गिळला असेल तर तोंड धुऊन दवाखाना, उलटी करवायची नाही, वर येताना तो परत भाजतो.

'आज्या पान खायच्या, त्यांची हाडं बघा'

अर्धं मान्य. चुन्यात कॅल्शियम आहेच, मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळतात, त्यातून कॅल्शियम मिळतं आणि मक्यातलं नियासिन नावाचं जीवनसत्त्वही मोकळं होतं. पण तिथे चुना धुऊन टाकतात, कुणी चमच्याने चाटत नाही. आणि पानाचं म्हणाल तर सुपारीचं पान, तंबाखू नसलं तरीही, कर्करोग करतं असं डब्ल्यूएचओच्या आयएआरसी ह्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलंय. चुन्याने सुपारीचा तो त्रास वाढतो, कमी होत नाही. आज्यांची हाडं दिवसभर उन्हात राबून आणि भाकरी खाऊन होती.

कावीळ, वीर्य, स्मरणशक्ती, कॅन्सर, गुडघे, ह्या सगळ्यावर एकेक ओळ खर्च करायची माझी इच्छा नाही. फक्त कावीळ झालेल्याला रस्त्यावरच्या रसवंतीचा बर्फ घातलेला रस चुना टाकून पाजा असं सांगणाऱ्याला कावीळ कशी पसरते ते तरी माहीत असावं.

हा फॉरवर्ड ज्या भाषणावरून निघाला त्या मूळ भाषणात, आणि जुन्या फॉरवर्डमध्येही, शेवटी एक सूचना असायची की मुतखडा असलेल्यांनी चुना खाऊ नये. आमच्या फॅमिली ग्रुपवर जो मेसेज आला त्यात ती ओळच कुणीतरी उडवलीये.