काळा ठिपका म्हणजे गुहा नव्हे

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय. बालाघाटच्या डोंगररांगेत शेकडो गुहा दडलेल्या आहेत. उपग्रह नकाशावर काळा ठिपका दिसला की तिथं गुहेचं तोंड. फटीतून बारमाही गार वारा आला की खात्रीच. आत दिवा जळत राहिला की खुशाल पुढं जा. सुट्टीत पोरं हे वाचून तुळजापूरच्या डोंगरात घुसतील, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी खडक. जगातल्या बहुतेक लांबलचक गुहा चुनखडीत तयार होतात, कारण किंचित आम्ल असलेलं पाणी ती विरघळवतं. मेघालयातल्या बऱ्याच गुहा अशाच. आपला डोंगर सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, बेसाल्टचा. तो असा विरघळत नाही. इथं सापडतात त्या मुख्यतः कपारी: लाव्ह्याच्या दोन थरांमधली तांबडी माती झिजते आणि वरचा कातळ पुढं आलेला राहतो. धाराशिवची लेणी तर माणसानंच कोरलेली. ‘शेकडो’ कुठून आले, याचा संदेशात पत्ता नाही.

ठिपक्याचं म्हणाल तर उपग्रह वरून बघतो. कड्याच्या पोटातलं आडवं तोंड त्याला दिसणार कसं? दिसते ती बहुधा कड्याची सावली. त्याच जागेची वेगळ्या महिन्यातली प्रतिमा काढून बघा, ठिपक्याचा आकार बदललेला असेल.

वाऱ्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त फसवा. खोल गुहेतली हवा वर्षभर त्या भागाच्या सरासरी तापमानाजवळ असते. सोलापूरकडे ती साधारण 27 अंश धरा. गुहेला खाली-वर दोन तोंडं असतील तर मेच्या दुपारी, बाहेर 42 अंश असताना, आतली गार जड हवा खालच्या तोंडातून बाहेर पडते आणि वरचं तोंड गरम हवा आत ओढतं. डिसेंबरच्या पहाटे सगळं उलटं: वरून कोमट हवा बाहेर, खालचं तोंड थंडी आत घेतं. म्हणजे अशी दोन तोंडांची गुहा असेल तर वारा ऋतूप्रमाणे फिरायला हवा. बारमाही गार झुळूक हा पुरावाच नाही. फटीशी उदबत्ती धरा, धूर कुठं जातो ते उन्हाळ्यात बघा आणि हिवाळ्यात पुन्हा बघा. फ्रान्समधली शोवे गुहा 1994 साली दगडांच्या फटीतून आलेल्या झुळकीवरूनच सापडली. पण नुसत्या ढासळलेल्या दगडांच्या राशीतूनही वारा असाच खेळतो, हेही ध्यानात ठेवा.

सगळ्यात भरवशाचा मार्ग संदेशात नाहीच: तिथल्या माणसांना विचारणं. व्हिएतनामच्या प्रचंड सोन डूंग गुहेपर्यंत ब्रिटिश संशोधकांना 2009 मध्ये नेलं ते हो खान्ह या स्थानिक माणसानं; त्याला ती बऱ्याच वर्षांपूर्वी सापडली होती. आपल्याकडे कुठली कपार किती आत जाते, हे मेंढरं चारणाऱ्या धनगराला ठाऊक असतं.

राहिला दिवा, आणि हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. ज्योत फक्त जळण्यापुरता ऑक्सिजन आहे एवढंच सांगते. हवेत कार्बन डायऑक्साइड पाच टक्के झाला तरी माणसाला धाप लागते, डोकं दुखतं, गुंगी येते, आणि दिवा मात्र जळत असतो. वायू मोजायचं यंत्र, डोक्यावर हेल्मेट, प्रत्येकी एकाहून जास्त बॅटऱ्या आणि परतायची वेळ सांगून बाहेर थांबवलेला माणूस, यांतलं काहीही कमी असेल तर तोंडाशीच थांबा.