सरासरी क्रमांकावर एवढा भरवसा नको

नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यतींच्या फँटसी लीगमध्ये (खऱ्या ड्रायव्हरांचा कागदी संघ लावून गुण मिळवायचा खेळ) संघ कसा निवडावा, यावरचा लेख वाचला. 'ड्रायव्हर निवडताना त्या ट्रॅकवरचा सरासरी क्रमांक सगळ्यात आधी बघा' हे त्यातलं वाक्य काही पटलं नाही. शेवटच्या दहा लॅपमध्ये कुणी दुसऱ्याने ठोकलं की दिवसभर तिसरा-चौथा धावणारा माणूस थेट पस्तिसावा लागतो आणि सरासरीचा बोऱ्या वाजतो. त्यापेक्षा शर्यतभर तो सरासरी कितव्या जागी धावत होता, हा आकडा बघावा. आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये मी आता त्याच्यावरच संघ लावतो.

दुसरं म्हणजे, ट्रॅकचा जुना इतिहास किती मागे जाऊन बघायचा? २०२२ मध्ये नॅसकारच्या कप या मुख्य मालिकेत नवी नेक्स्ट जेन गाडी आली. त्याच वर्षी अटलांटा ट्रॅकच्या वळणांचा उतार २४ अंशांवरून २८ वर गेला आणि तिथली शर्यत डेटोना ट्रॅकसारखी झुंडीची (सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटून धावतात अशी) झाली. मग २०१८ ची अटलांटाची आकडेवारी घेऊन करायचं काय? आणि डेटोना-टॅलाडेगा या झुंडीच्या ट्रॅकना तर वेगळाच न्याय. ड्रायव्हर रिकी स्टेनहाऊसचं बघा, २०२३ च्या डेटोना ५०० शर्यतीपर्यंतचे त्याचे कप मालिकेतले तिन्ही विजय याच दोन ट्रॅकवरचे. एरवीच्या आकड्यांवर त्याला कोण घेणार होतं?